बिनचिठ्ठीची टोपली

इस्त्रीघरातल्या बायका तिला निखारा म्हणायच्या, आणि हे नाव काही लाडानं ठेवलेलं नव्हतं. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा तापलेल्या इस्त्रीला हात लावलेला बरा, असं त्या म्हणायच्या. त्यांतल्या दोघीतिघींनी दोन्ही करून पाहिलं होतं, तेव्हा हे ऐकीव म्हणता येणार नाही. धुलाईच्या त्या कारखान्यात ती एकवीस वर्षं होती. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे पांढरे टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. कोटाची कॉलर कशी हवी, तर भांडायला निघालेल्या माणसाच्या मानेसारखी, असं तिचं म्हणणं. स्वतःची मान ती तशीच ठेवायची.

माणसांना पाण्यात पाहण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मॅनेजर तिला आवडत नव्हता, कारण तो गार खोलीत बसून घाम पुसायचा. कपडे पोचवणारा गाडीवाला आवडत नव्हता, कारण तो गठ्ठे फेकायचा. नवीन आलेल्या बायका आवडत नव्हत्या, कारण त्या नवीन होत्या. पण या सगळ्या किरकोळ रागांच्या तळाशी एक ठेवणीतला राग होता. तो तिच्या दिरासाठी होता.

दीर त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. माणूस काटकुळा, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणूनच सगळे त्याला बंब म्हणायचे. दोघांत विस्तव जात नव्हता. आता हे बोलायला ठीक आहे, पण तिचं टेबल तापायचं ते त्याच्याच वाफेवर, त्यामुळे विस्तव रोज जात होता, फक्त शब्द जात नव्हता. नऊ वर्षं गेला नव्हता. वाफ वाढवायची असली तर ती शेजारणीला म्हणायची, "वाफेवाल्यांना सांग, पाव फेरा वाढवा म्हणावं." वाफेवाला चार हातांवर उभा असायचा. तो शेजारणीलाच उत्तर द्यायचा. मधल्या मधे शेजारणीची मान दुखायची.

कारण साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच ते मिटत नव्हतं. तिचा नवरा तिसऱ्या टेबलावर होता. तिथं चादरी दाबायचं मोठं वाफेचं यंत्र होतं. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याचं डोकं गरगरायला लागलं. त्यानं खिडकीतून भावाला हाक मारली, "वाफ जरा कमी कर रे, डोळ्यांपुढं अंधारी येतेय." भाऊ म्हणाला, "मॅनेजरला विचारून सांगतो." मॅनेजर फोनवर होता. बंब दाराशी हात बांधून उभा राहिला. फोन संपला, मॅनेजरनं मान हलवली, बंब धावत परत आला, तोवर इकडे त्याचा भाऊ फरशीवर पडला होता तो पुन्हा उठला नाही. दहा मिनिटांचा मामला. त्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर दिराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी." ते तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. टोपणनाव त्याचं आधीपासूनच होतं, पण त्यानंतर कुणी बंब म्हणून हाक मारली की त्याची मान खाली जायला लागली.

नवरा गेल्यावर बायकांनी पंखे मागितले. आठ टेबलं, आठ पंखे. मॅनेजर म्हणाला, कारखान्याच्या वीजजोडणीवर भार पुरा झालाय, पंखे लावले तर धुलाईची यंत्रं बंद पडतील, वाढीव जोडणीचा अर्ज दिलाय. अर्ज नऊ वर्षं दिलेलाच होता. इस्त्रीघर दुपारी असं तापायचं की भिंतीला पाठ लावली तर पाठ सोलून निघायची. गंमत अशी की त्याच इमारतीतून रोज कढत पाण्याचे लोंढेच्या लोंढे गटारात जायचे आणि गच्चीवर ऊन नुसतं वाया जायचं. ऊब एवढी की कुठं ठेवू आणि कुठं नको, आणि त्या उबेनं मेलेल्या माणसाला वारा घालायला चार पाती नाहीत.

बंबाच्या डोक्यात हेच भरलं. तंत्रनिकेतनातले एक सर एकदा गच्चीवर काहीतरी यंत्र उभं करून गेले होते. दोन महिन्यांत ते कंटाळले आणि परदेशी निघून गेले. त्यांचं अर्धवट लटांबर आणि कसल्याशा पुडीचे दोन डबे जिन्याखाली पडले होते. बंबानं ते उचललं आणि दोन वर्षं त्याच्याशी झुंजला. इस्त्रीवालीला समजावं इतकं ते सोपं होतं. एका बाजूनं खळ लावलेला कागद वाळताना गुंडाळतो ना, तसंच. कापडी पट्ट्यांच्या एका बाजूला ती पूड डिंकात कालवून लावलेली. मातीतल्या कसल्याशा सूक्ष्म जिवांची सुकवलेली पूड. दमट हवा लागली की ती फुगते आणि पट्टी सरळ होते, कोरडी हवा लागली की आवळते आणि पट्टी वळते. गच्चीवर काळी पसरट तबकं, त्यांत बोटभर पाणी. खालून गटाराकडे जाणारं कढत पाणी नळीतून फिरवलेलं, वरून ऊन. तबकातल्या पाण्याची वाफ व्हायची, पट्ट्या सरळ व्हायच्या, त्यांच्या ओढीनं वरच्या झडपा उघडायच्या. वाफ निघून गेली की पट्ट्या वळायच्या, झडपा मिटायच्या. पुन्हा वाफ, पुन्हा उघड. या उघडझापीनं एक चाक फिरायचं, चाकावर वीज निघायची आणि बॅटरीत साठायची. पाणी उडून जाताना जेवढी ओढ लावतं, तेवढ्यावर सगळा कारभार. सोळा डझन पट्ट्या होत्या. दोन डझनांवर एक लहान पंखा, असा त्याचा हिशेब.

मॅनेजरला गच्चीवर नवी टाकी हवी होती. तो बंबाला म्हणाला, "महिनाअखेरच्या शुक्रवारी आठ पंखे फिरताना दिसले तर ठेव. नाही तर शनिवारी भंगारवाला येईल."

इस्त्रीघरातल्या बायका दिवस मोजायला लागल्या. निखाराही मोजत होती, पण तिच्या मनात वेगळंच शिजत होतं. हा पंखे देऊन सुटायला बघतोय, असं तिला वाटायचं. एका जिवाचे आठ पंखे. वरातीमागून घोडं आणायचं आणि वर घोड्याचं कौतुक करून घ्यायचं. ती गच्चीवर चादरी बघायला जायची तेव्हा तिला त्या झडपा उघडताना-मिटताना दिसायच्या, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बंद पडो मेलं, असं ती मनात म्हणायची आणि खाली येऊन घाम निथळत कोट दाबायची.

अखेरच्या शुक्रवारला सहा दिवस उरले असताना, शनिवारी, बंबानं सगळ्या पट्ट्या उतरवल्या. सुटलेले टाके घालायचे होते. ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून कारखान्याच्याच एका वेताच्या टोपलीत ठेवल्या आणि टोपली सावलीत, गच्चीवरच्या दोरीच्या पाळण्याजवळ ठेवून तो बॉयलरकडे गेला. गच्चीवर वाळलेले कपडे त्या पाळण्यातून खाली इस्त्रीघरात यायचे. या कारखान्यात एक नियम होता आणि तो निखारानंच घालून भिंतीवर लावला होता. टोपलीला चिठ्ठी हवी. कुणाचं, काय करायचं, ते चिठ्ठीवर. बिनचिठ्ठीचं जे येईल ते उकळत्या सोड्यात, मग खळ, मग इस्त्री. कुणाची तक्रार ऐकली जाणार नाही. बंबाला हा नियम पाठ होता. पण चिठ्ठी लिहायची म्हणजे ती तिच्या नावे लिहायची, आणि नऊ वर्षांत त्यानं तिला एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यानं टोपलीवर नुसतं एक फडकं टाकलं. वरच्या बायकांनी इतर टोपल्यांबरोबर तीही खाली सोडली.

निखारानं फडकं उचललं. ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास आला. तिनं ओळखलं. हे लपवण्यात अर्थ नाही, तिनं पहिल्या क्षणी ओळखलं. ती टोपलीसमोर उभी राहिली, चिठ्ठी आहे का म्हणून आतबाहेर दोनदा पाहिलं, फडकं झटकूनही पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

शेजारच्या टेबलावर चष्मेवाली होती. ती याच वर्षी कामाला लागली होती, चाळिशीची, जाड भिंगांची, घामानं चष्मा घसरायचा म्हणून मागून दोरी बांधणारी. ती म्हणाली, "ताई, हे गच्चीवरचं तर नाही ना?"

"नियम वाच," निखारा म्हणाली.

आणि तिनं सोळा डझन पट्ट्या उकळत्या सोड्यात लोटल्या. काठीनं ढवळल्या. पूड सुटून पाणी गढूळ झालं ते पाहत उभी राहिली. मग खळीत बुडवून पिळल्या, आणि इस्त्री दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. एकेक पट्टी तिनं स्वतः केली, सुरकुतीला जागा ठेवली नाही, डझनाडझनाचे गठ्ठे नाडीनं बांधले. काम वाईट करणं तिला जमत नव्हतं, वाईट काम असलं तरी.

सोमवारी सकाळी पाळण्यातून सोळा गठ्ठे वर गेले. बंबानं एक सोडला, पट्टी ओली केली, उन्हात धरली. पट्टी कॉलरसारखी ताठच राहिली. त्यानं दुसरी धरली, तिसरी धरली. मग तो तबकाच्या काठावर बसला तो तासभर उठला नाही. खाली येऊन त्यानं आरडाओरडा केला नाही, कुणाला विचारलं नाही. बायकांत कुजबुज झाली की चुकून धुतल्या गेल्या, नियमच तसा आहे, कुणाचा काय दोष. निखारानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

मंगळवारी दुपारी चष्मेवाली पडली.

आवाज फारसा झाला नाही. इस्त्री बाजूला ठेवायची शुद्ध तिला होती, तेवढी ठेवली आणि खाली बसल्यासारखी पडली. डोकं तिसऱ्या टेबलाच्या पायापासून वीतभर अंतरावर. त्या टेबलावरचं यंत्र नऊ वर्षांपूर्वीच काढून नेलं होतं, आता तिथं फक्त घडी केलेल्या चादरी ठेवायचे. निखारा सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं पाणी मारलं, दोरी सोडून चष्मा काढला, पाय उंच धरले, बायकांना मागं हटवताना एकीला ढकललंसुद्धा. चष्मेवालीनं डोळे उघडले. तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, आता दोन दिवस झोपू द्या.

रिक्षा गेल्यावर एक बाई सहज बोलून गेली, "पंखा असता तर." कुणाला उद्देशून बोलली नव्हती. निखारा आपल्या टेबलाशी परत आली, पण तिनं इस्त्री उचलली नाही. रागानं नव्हे. तिला भीती वाटली होती, खरी. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. धोंडा तिनंच पाडला होता, पण पाय दुसरीचा होता.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती गच्चीवर गेली. बंब झडपांचे स्क्रू काढून डब्यात भरत होता. भंगारवाल्याला द्यायची तयारी.

"पट्ट्या मी धुतल्या," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. मागं कुणी मधलं माणूस आहे का तेही पाहिलं. नव्हतं.

"चुकून नाही. ओळखून धुतल्या. खळही मीच घातली."

"खळ चांगली बसलीय," तो म्हणाला.

"टोमणे नकोत. पुन्हा करता येतील का तेवढं सांगा."

त्यानं स्क्रूचा डबा खाली ठेवला. "चिठ्ठी असती तर नसत्या धुतल्या?"

"नसत्या. चिठ्ठीचा मान ठेवते मी."

"मायना काय घालायचा होता मी चिठ्ठीवर?"

"मायना कुणी मागितला होता? 'धुऊ नये' लिहायचं. दोन शब्द. नऊ वर्षांत दोन शब्द लिहायला शाई नव्हती तुमच्याकडं?"

"तुमच्याकडं तरी कुठं होती," तो म्हणाला. मग उठून त्यानं जिन्याखालून पुडीचा दुसरा डबा आणला आणि झाकण काढून तिच्यापुढं धरला. तळाशी थोडी पूड होती. "सहा डझनांना पुरेल. पुढं मिळायची नाही. सरांचा पत्ता नाही."

"म्हणजे पंखे किती?"

"तीन."

आठांचे तीन. तिनं डब्यात पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं. पाच पंखे तिनं उकळून गटारात सोडले होते, आणि आता कुणावर ओरडायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

बुधवारी आणि गुरुवारी, सुट्टीत आणि काम सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत, दोघं पट्ट्यांना बसले. बोलले ते फक्त भांडण्यापुरतं. खळ कशी काढायची ते तिला ठाऊक होतं. डिंक एकसारखा कसा ओढायचा तेही तिलाच ठाऊक होतं. "पहिल्या कुणी लावल्या होत्या? भिंतीला गिलावा केल्यासारख्या," ती म्हणाली. "चालत होत्या ना," तो म्हणाला. "चालायला काय, लंगडाही चालतो." पूड वाचावी म्हणून तिनं हात आखडून एक पट्टी पातळ लावून पाहिली, पण ती वळायला तयार होईना. सहा डझनांची सात डझन काही झाली नाहीत. गुरुवारी संध्याकाळी पट्ट्या चढल्या. झडपा हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. तो म्हणाला, रात्रभर गरम पाण्याच्या नळ्यांवर चालू राहील, सकाळपर्यंत बॅटरीत काही साठेल. ती जिना उतरली.

शुक्रवारी सकाळी मॅनेजर इस्त्रीघराच्या दारात आला. आत तीन पंखे फिरत होते. लहानसे, भिंगरीपेक्षा थोडे मोठे, पण फिरत होते, आणि त्यांच्या खाली हवा हलत होती.

"एवढ्या खटाटोपाचे तीन?" मॅनेजर म्हणाला. "ठरले होते आठ."

"आठ झाले असते," निखारा म्हणाली. "पाच मी धुऊन टाकले. माझ्या नावावर लिहून घ्या. आणि भंगारवाल्याला बोलवायचं असेल तर आधी या टेबलाशी एक दुपार उभे राहा. उभे राहिलात तर मी स्वतः पाळण्यातून सामान खाली सोडते."

मॅनेजरनं बायकांकडं पाहिलं. त्या सगळ्या इस्त्र्या हातात धरून त्याच्याकडंच पाहत होत्या. "टाकीचं पुढच्या महिन्यात बघू," असं म्हणून तो आपल्या गार खोलीकडं गेला.

मग निखारानं पहिल्यांदा वर नीट पाहिलं. एक पंखा पहिल्या टेबलावर होता, एक सहाव्या. तिसरा होता तिसऱ्या टेबलावर. त्या रिकाम्या टेबलावरच्या घडी केलेल्या चादरीचा कोपरा वाऱ्यानं उचलत होता आणि खाली पडत होता. दुसऱ्या टेबलाशी चष्मेवाली उभी होती, दोन दिवस झोपून त्याच सकाळी आलेली, चेहरा अजून पिवळा. तिच्या डोक्यावर काही नव्हतं.

"तिसऱ्यावर कुणी लावायला सांगितला?" निखारानं विचारलं.

बंब दाराशी उभा होता. "कुणी नाही. पहिल्यापासून ठरलं होतं माझं. आठ होवोत नाही तर एक होवो, पहिला दादाचा." तो चादरीच्या उचलत्या कोपऱ्याकडं पाहत होता. "त्याच्यासाठीच केलं हे सगळं, वहिनी."

ती त्या पंख्याखाली गेली. वारा तिच्या घामेजल्या मानेला लागला. नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवली, आणि तेव्हा हा एवढासा वारा असता तर, हेही तिच्या मनात आलं. आलं तसं तिनं ते ढकलून दिलं नाही. ती तिथं उभी राहिली, बायकांना दिसेल इतका वेळ उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला वारा लागत नाही. हा चष्मेवालीच्या डोक्यावर लावा."

बंबाची मान खाली गेली. "बरं. मॅनेजरला विचारून..." एवढं तो म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

शिडी असायची मॅनेजरच्या खोलीपलीकडं, कोपऱ्यात. बंब गेला. त्याच्या पावलांचा आवाज मॅनेजरच्या दारापर्यंत गेला, दारापाशी थांबला नाही, पुढं गेला, आणि तो शिडी खरडत परत आला. त्यानं ती दुसऱ्या टेबलाजवळ टेकवली आणि वर चढला.

शिडी जुनी होती, डुगडुगत होती. निखारानं खालच्या पायरीवर पाय ठेवला.

"पडलात तर उचलायला मी येणार नाही," ती म्हणाली, आणि पंखा बसेपर्यंत तिनं पाय काढला नाही.